सोनूकाकींची हळद

आमच्या दगडी गडग्यापलीकडे सोनूकाकी राहायच्या. आवाज असा, की त्यांनी सुनेला हाक मारली की आमची मांजर दचकायची. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये नातू झाला, तेव्हा आळीत कुणाला निरोप धाडावा लागला नाही.

पण महिना उलटला तरी बाळाची कावीळ उतरेना. काकींनी गुन्हेगार केव्हाच पकडला होता. "दिवस भरत आले नि हिने आंबे खाल्लेन! पोर पिवळं नाय होणार तर काय?" सून राही खाली मान घालून ऐकायची. नवरा लवू लोटे गावच्या कारखान्यात, घरी यायचा तो सुट्टीपुरता. काकींनी तिची हळदच तोडली. आमटी पांढरी, भाजी पांढरी. घरातली हळद डब्यासकट देऊन टाकली.

एक दिवस मी गेले, तर काकी लंगोट घेऊनच पुढे आल्या. "बघा वैनी, गुण आला! शी कशी पांढरीफेक!"

मी वाकून बघितलं. खडू कालवल्यासारखी शी, आणि बाळाचे डोळे मात्र तसेच पिवळे.

"काकी, डॉक्टरांकडे जाऊ या. आत्ता."

"गुण आल्यावर कसला डॉक्टर?"

"मग आलेला गुण दाखवू या त्यांना."

त्यावर मात्र काकी लगेच पातळ बदलून आल्या!

डॉक्टरांनी लंगोट निरखला, बाळाचं पोट चाचपलं. "आजी, शीला रंग पित्ताचा असतो. ते आतड्यात पोचत नाहीये. नळी बंद असेल तर मुंबईला ऑपरेशन, आणि तेही लवकर. उशिरा उपयोग नाही. पण लिव्हरला नुसती सूज असेल, तर रंग परत येईल." मग राहीकडे वळून म्हणाले, "पोटुशी असताना ताप आला होता?"

"आला होता. पुरळपण उठलं होतं अंगावर."

"मग एखाद्या विषाणूची बाधा बाळाला झाली असेल. नक्की नाही सांगता येत, पण शक्य आहे."

"नि आंबे?" काकी.

"आंब्यांचा काही संबंध नाही."

राहीने मान वर केली.

बाळाचं रक्त तपासायला घेतलं. शनिवारपर्यंत शीला रंग आला नाही तर मुंबई, असं ठरलं. आता अख्खी आळी शीवर टपलेली! नळावर, पिठाच्या गिरणीत, एकच प्रश्न: "आला का रंग?" काकी प्रत्येक लंगोट उजेडात धरायच्या. "जरासा पिवळा वाटतोय, नाय?"

"नाही हो, काकी."

लवू रजा टाकून आला. मुंबईची पिशवी भरून दारात ठेवली.

शुक्रवारी दुपारी आमचे हे जेवायला बसले होते. एवढ्यात साठीच्या काकी, कासोटा खोचून, चक्क गडग्यावरून उडी मारून आल्या.

"वैनी! पिवळी! पिवळीधमक!"

लंगोट थेट ह्यांच्या ताटावर. ह्यांचा घास हातातच राहिला, पण मान वाकडी करून बघितलं त्यांनीही. "पिवळीच आहे," म्हणाले.

तसेच सगळे दवाखान्यात धावलो. डॉक्टर हसले. पित्ताची वाट मोकळी होती. तपासण्या चालू ठेवायच्या, पण ऑपरेशन नको.

संध्याकाळी काकी पुन्हा गडग्याशी. हातात वाटी, आणि आवाज चक्क खालचा.

"वैनी, वाटीभर हळद द्या गो. पोरगी किती दिवस पांढरं जेवणार?"