लखलखीत घोडे

मिस हार्डींनी पितळेचा एक घोडा उचलला, खिडकीपाशी नेला आणि परत टेबलावर ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. तिसऱ्याला त्यांनी हातच लावला नाही.

"यह वो नहीं है," त्या म्हणाल्या.

मी बनारसच्या कँटोन्मेंटमधल्या एका हस्तकला एम्पोरियममध्ये स्टोअरकीपर होतो. राज्य साहेबाचं होतं आणि गिऱ्हाईकही बहुतेक साहेबच. मिस हार्डी कलकत्त्याहून येत, माल पसंत करत आणि विलायतेच्या दुकानांना पाठवत. आमच्या प्रदर्शनात त्यांनी एक घोडा पाहिला आणि तसेच तीन डझन मागवले. आता आठ दिवसांनी कलकत्त्याहून त्या मालाची बोट सुटायची होती.

घोडे बुधनीच्या हातचे. ती आणि तिचा नवरा पलामूच्या डोंगरातले मलार, पिढ्यान्‌पिढ्या पितळ ओतणारी जमात. ते मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळतात, वरून पुन्हा माती लिंपतात आणि भट्टीत घालतात. मेण वितळून जातं, त्या जागी पितळ भरतं. साचा फोडला की घोड्याच्या अंगावर धागा न् धागा उमटलेला दिसतो. हे काम त्यांच्या आठवडी बाजारापलीकडे कुणी पाहिलं नव्हतं. मी मॅनेजरच्या मागे लागून ते आणवलं होतं.

ऑर्डरची पेटी उघडली तेव्हा घोडे काळपट होते. मी रामघाटावरच्या भिक्षुकाच्या घरातला. आमच्याकडे देवाची उपकरणी चिंच आणि राखेने घासून लख्ख झाल्याशिवाय आई कुणाला जेवायला वाढत नसे. प्रदर्शनात सँपल तसंच मळकं मांडलं गेलं याचीच मला मनातून लाज वाटत होती. म्हणून सगळा माल मी ठठेरी बाजारातल्या तांबटांकडे पॉलिशला पाठवला. घोडे झळझळत परत आले आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो.

मिस हार्डींना हवा होता तो नेमका तो काळेपणा. त्यामुळेच धागे उठून दिसत होते. आता घोडे गुळगुळीत दिसत होते, कुठल्याही दुकानात मिळतील असे.

त्या बाहेर गेल्यावर आमचे मॅनेजर चौबेजी शांतपणे म्हणाले, "लिख दीजिए, माल सैंपल जैसा नहीं आया।"

त्याचा अर्थ मला ठाऊक होता. ज्याचा माल रिजेक्ट होई त्याचं नाव आमच्या यादीतून कायमचं कटत असे. कारागिराला दुसरी संधी नव्हती. बुधनी आणि तिचा नवरा माल पोचवून धर्मशाळेत थांबले होते, पुढच्या ऑर्डरची वाट पाहत. एक ओळ लिहिली असती तर माझी नोकरी बिनघोर राहिली असती.

मला भीती वाटली, हे कबूल करतो. पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. मग लिहिलं की माल सँपलसारखाच आला होता, तो स्टोअरकीपरने बिघडवला. खाली सही केली. चौबेजींनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि फाइलमध्ये लावून टाकला.

मग मी धर्मशाळेत गेलो. बुधनीला काय सांगायचं ते वाटेत शंभरदा घोकलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अपने मन से मँजवा दिए, बाबू?"

हो, माझ्याच मनाने घासून घेतले, अशी मी मान डोलावली. ती रागावली नाही. गोवऱ्या, सालाच्या झाडाची राळ आणि मोहाच्या बियांचं तेल आणायला सांगितलं, बस.

तीन दिवस एम्पोरियमच्या मागच्या अंगणात ती घोडे तापवत होती, राळेच्या धुरात धरत होती आणि तेलाच्या चिंधीने पुसत होती. चिंधी धरायला मला बसवलं. माझी बोटं काळी झाली आणि घरी आईने मला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं. सगळी हकिकत ऐकून ती आपल्या बनारसी मराठीत म्हणाली, "अरे, घोडे करणाऱ्या बाईला एकदा पूछायचं तरी!"

सात घोड्यांचे धागे पॉलिशने झिजले होते. ते बुधनीने बाजूला काढले. बोट चुकू नये म्हणून मी म्हटलं, जाऊ दे, कोण एवढं पाहतंय. "ये नहीं जाएगा," ती म्हणाली आणि सातही पुन्हा वितळवायला आपल्या गाठोड्यात बांधले.

मिस हार्डींनी उरलेले एकोणतीस एकेक करून पाहिले आणि सगळे घेतले. सात कमी का, हे मी खरं खरं सांगितलं. त्यांनी कारागिराचं नाव विचारलं, कारण प्रत्येक घोड्यासोबत ते कार्डावर छापायचं होतं. बुधनीचं नाव विलायतेला गेलं. पुढच्या वर्षी तिच्या गावच्या आणखी चार घरांना काम मिळालं.

बुधनीचे माझ्यावर फार मोठे उपकार आहेत. माझी चूक तिने निस्तरली, आणि वर कधी बोलून दाखवली नाही.

पुढे आमच्या ऑर्डर फॉर्मवर मी एक नवी ओळ छापून घेतली: कारागिराला विचारल्याशिवाय मालाला हात लावू नये. नवीन स्टाफला वाटे, ही सूचना हमालांसाठी आहे. ती स्टोअरकीपरसाठी होती.