सरेतल्या घराण्याचं तीन वर्षांचं राज्य

विमान व्हँकुव्हरला उतरलं तेव्हा माझी कंबर धरली होती आणि बॅगेतली लसणाची चटणी सांडली होती. न्यायला आलेला भालू, माझा धाकटा भाऊ, विचारपूस सोडून म्हणाला, रविवारी इथल्या मराठी मंडळाची सभा आहे, तू पुढच्या रांगेत बसायचंस.

व्हँकुव्हरजवळच्या सरे गावी, भालूच्या घरी पोचेपर्यंत गाडीत मंडळपुराणच चाललं. एका बाजूला बर्फाचे डोंगर, दुसरीकडे पंजाबी मिठाईची दुकानं. बघू देईल तर शपथ! तीन वर्षं भालू अध्यक्ष. बायको सुनंदा भोजनप्रमुख, मुलगी निवेदिका, जावई माइक सांभाळणारा. ही बादशाहीच झाली की रे, असं मी म्हटलं तर गडी खूश झाला.

मला तळघरात झोपवलं, मंडळाचं मखर आणि सतरंज्यांच्या मधोमध. दोन दिवस सुनंदा जिलबी खाऊ घालत होती आणि भालू आरशासमोर भाषण घोकत होता.

रविवारी न्याहारीला त्यानं बेत सांगितला. आपण पद सोडतो म्हणायचं, लोक आग्रह करतात, दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा मान तुकवायची. दर वर्षी असंच होतं म्हणे. पण आग्रह करणारी जुनी डॉक्टरमंडळी हिवाळ्यासाठी पुण्याला गेली होती, ती परतलीच नव्हती. हॉल भरला होता सॉफ्टवेअरवाल्या पोरापोरींनी.

भालू गहिवरून म्हणाला, "आता तरुणांनी पुढं यावं." आणि थांबला.

मागून निखिल नावाचा पोरगा उठला. "थँक यू काका, खूप केलंत तुम्ही. आता रिलॅक्स करा. मी रेडी आहे."

टाळ्या पडल्या. जावयानं सवयीनं माइक पुढं केला, तो निखिलनं घेतला. पाच मिनिटांत राज्य खालसा! मला हसू आवरेना. मग भालूचा चेहरा दिसला आणि हसू विरलं.

सोमवारी निखिल येऊन मखर घेऊन गेला. नंतरचे पंधरा दिवस भालूनं मला इतकं फिरवलं की पाय सुजले. त्याचा फोन मात्र एकदाही वाजला नाही.

निघताना विमानतळावर तो हळूच म्हणाला, "अक्का, कुणी एकदा जरी पद सोडू नका म्हटलं असतं ना, तरी मी राहिलो असतो."

सांगलीला परत येऊन महिना झाला. शेजारीपाजारी कॅनडा विचारतात, मी डोंगर सांगते, जिलबी सांगते. ती सभा सांगताना माझ्यावर मीच चिडते. पुढच्या रांगेत मी होते की! एक शब्द टाकायला काय जात होतं माझं? पण तोंडात अख्खा बटाटेवडा होता, आणि सुनंदानं तो फार सुरेख केला होता.