सूट सेठजींची, केरसुण्या तिच्या

आणे जाऊन नवे पैसे नुकतेच आले होते, तेव्हा मी हिंगणघाटातल्या एका मोठ्या किराणा दुकानात मुनीम होतो. तिथे शिंदीच्या केरसुण्या पुरवणाऱ्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक केरसुणीने ती आधी आमची पायरी झाडून दाखवी, मगच ती हातात देई.

दिवाळीत सेठजींनी पाटी लावली, केरसुण्यांवर सूट. मग तिला म्हणाले, ‘‘ही सूट तू सोसायची. अन् बाहेर माल विकायचा नाही.’’

ती खळखळून हसली. ‘‘सूट तुमची अन् तोटा माहा? काऊन जी?’’

भारा उचलून ती समोरच्या लिंबाखाली जाऊन बसली. पाटी वाचून आलेलं गिऱ्हाईक आमच्याकडून रिकाम्या हाताने तिच्याकडे वळे. पाटीवरच्या भावात विकूनही तिला आम्ही देत होतो त्यापेक्षा जास्तच मिळे. मला गंमत वाटत होती, पण मुनिमाने हसायचं कुठे?

लक्ष्मीपूजनाला केरसुणी हवी आणि दुकानात एकही नाही! सेठजींनी मलाच पिटाळलं. मी खालमानेने भाव विचारला. तिने सवयीने माझ्या पायापुढची जमीन झाडली.

‘‘पाटीवरचाच. सेठजीनं लावलेली सूट सेठजीलेच नाई म्हणू का?’’