तार सरळ दिसली म्हणजे काच चांगली

काच विकणाऱ्याच्या टपरीवर काचा कमी आणि गोष्टी जास्त साठतात. गिऱ्हाईक हेल्मेट काढतं, डोक्याला वारा लागतो आणि तोंड आपोआप सुटतं. स्क्रू फिरवायला मला वेळ लागतो, बोटं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. तोवर माणूस घरचं, कंपनीचं सगळं सांगून मोकळा होतो. तो जातो. गोष्ट माझ्यापाशी राहते.

बजाजनगरात कंपन्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला माझी टपरी आहे. हेल्मेटच्या काचा बसवून देतो. शाळेत मी कधी गेलो नाही. अक्षरं दुकानांच्या पाट्या बघून जुळवली, ती बी मराठीच. काचेवर इंग्रजीत काय छापलंय ते मला कळत नाही, म्हणून माझी परीक्षा वेगळी. टपरीसमोरून विजेची तार गेलीय. काच डोळ्यांपुढं धरायची आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडं न्यायची. तार सरळ राहिली तर काच चांगली. तार सापासारखी वळवळली तर काच परत. कंपनीची असो की लोकल, तार खोटं बोलत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

शेजारी रौफभाईंचं दुकान. त्यांच्याकडं फक्त ओरिजनल माल. माझ्याकडं लोकल जास्त, कारण ड्यूटीवर निघालेल्या माणसाला काच आत्ता पाहिजे असते. रौफभाई दिवसातून एकदा तरी म्हणणारच, "चाचा, तार देखके काच बेचनेवाले पूरे शहर में तुम अकेले."

* * *

एकदा मोठ्या गाडीवरचे एक साहेब रौफभाईंकडं आले. काच ओरिजनलच पाहिजे म्हणाले. रौफभाईंनी खोकं काढलं. खोक्यावर चमकणारं स्टिकर, आत पातळ कागदात गुंडाळलेली काच. साहेब खूश. तेवढ्यात त्यांना काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडं वळले आणि म्हणाले, बाबा, तुम्ही काय तरी तारेचं बघता म्हणे, ही बघून द्या.

मी नको नको म्हणलं. शेजाऱ्याच्या मालाला हात कशाला लावायचा? पण साहेबांनी काच हातातच दिली. मी डोळ्यापुढं धरली, मान फिरवली. तार अशी वळवळली की मी काच खाली घेऊन तार जागेवर आहे का ते बघितलं!

रौफभाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं, काच घेतली, स्वतः धरली. बराच वेळ धरून उभे राहिले. मग साहेबांना म्हणाले, हा पीस डॅमेज आहे, उद्या या. साहेब गेल्यावर त्यांनी तो माल देणाऱ्या एजंटाची सगळी खोकी फळीवरून उतरवली. एकूण एक नकली निघाली.

गुलमंडीत त्यांच्या भावाचं दुकान आहे, तोही ओरिजनलच विकतो. रौफभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चाचा, ये बात गुलमंडी तक नहीं जानी चाहिए."

आजवर मी जाऊ दिलेली नाही. त्या दिवसापासून मात्र माझ्या तारेची मला जरा घमेंड चढली, हे कबूल करतो.

* * *

बिरू म्हणून एक गिऱ्हाईक होता. करमाडकडचा, मेंढरंवाल्यांच्या घरातला. इकडच्या एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळीला वॉचमन. संध्याकाळी करमाडहून निघायचा, सकाळी ड्यूटी सुटली की माझ्याकडं चहा प्यायचा. त्यानं माझ्याकडून रंगीत काच नेली. बाहेरून आरशासारखी चमकणारी, आतला माणूस दिसत नाही अशी. मी म्हणलं, बिरू, संध्याकाळच्या माणसाला ही काच कशाला? तो म्हणाला, रुबाब पडतो बाबा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळीच आला, तो लंगडत. पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली. गाडी घसरली का विचारलं, तर नाही म्हणाला. सकाळी घरी पोचला, वाड्यापाशी गाडी थांबवली, तर मेंढरांवरची त्याची स्वतःची कुत्री अंगावर आली. लहानपणापासून भाकरी घातलेली कुत्री! त्यानं नावं घेऊन हाका मारल्या, पण हेल्मेटातून आवाज बी वेगळाच निघत असणार. म्हातारी आई काठी घेऊन धावत आली, ती बी कुत्र्यांच्याच बाजूनं.

"सादी काच द्या बाबा," बिरू म्हणाला. "घरात घ्यायला पायजे कुणीतरी."

त्याच सकाळी माझ्याकडं लोकल काचांची नवी पेटी आली होती. त्यातली पहिली काच बिरूला बसवली. तार एकदम सरळ.

* * *

रेखा माझी सून. करमाडच्याच वाटेवर शेंद्र्याच्या कंपनीत पॅकिंगला आहे. आमचं घर शहराच्या या टोकाला, तिची कंपनी त्या टोकाला. सकाळी जाताना ऊन तोंडावर, संध्याकाळी येताना बी ऊन तोंडावर, आणि मधी जालना रोडचे ट्रक.

एका सकाळी तिचं हेल्मेट स्कूटीच्या सीटवरून पडलं आणि काचेचा हूक मोडला. रौफभाई म्हणाले, या हेल्मेटची ओरिजनल काच मागवावी लागेल, आठ दिवस लागतील. रेखा म्हणाली, तोवर बिनकाचेचीच जाते. मी म्हणलं, नाय. धूळ असती, किडे असत्यात. मी पेटीतली शेवटची काच काढली. धरून बघितली. तार अशी सरळ, जणू पट्टीनं आखलीय.

रेखानं हेल्मेट घातलं. माझं मन राखायला तिनं बी मान डावीकडून उजवीकडं फिरवली.

"तार सरळ दिसती, मामा," ती म्हणाली. "पण मला ट्रक बघायचेत."

मी हसलो. रौफभाई हसले नाहीत.

* * *

चौथ्या दिवशी तिची यायची वेळ टळली. ऊन उतरलं तरी रेखा नाही. फोन वाजत राहायचा, कुणी उचलायचं नाही. मुलगा त्याच्या कंपनीत ड्यूटीवर, त्याला काय सांगायचं आणि काय नाही? रौफभाईंनी अर्धं शटर ओढलं आणि माझ्या बाकड्यावर येऊन बसले. दर थोड्या वेळानं म्हणायचे, फिर से लगाव. मी फिरून लावायचो. येणाऱ्या प्रत्येक स्कूटीचा दिवा मला तिचाच वाटायचा. दिवा जवळ यायचा आणि पुढं निघून जायचा.

दिवे लागल्यावर बऱ्याच वेळानं ती आली. तोंड धुळीनं माखलेलं. गाडीवरून उतरून तिनं आधी हेल्मेट माझ्या हातात दिलं, मग पाणी मागितलं.

झालं असं की ऊन बरोबर रस्त्याच्या टोकाला उतरलं आणि काच पांढरीफट पडली. दूध उतू जावं तशी. पुढं ट्रक होता, तो दिसेनाच. तिनं काच वर केली. काचेचा खटका ढिला, ती आपोआप खाली आली. पुन्हा वर केली आणि एका हातानं धरून ठेवली, दुसऱ्या हातानं ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा ट्रकचं मागचं फळकूट तिच्या हँडलपासून हातभर होतं. मग ती उतरली आणि रस्त्याच्या कडेनं स्कूटी ढकलत चालायला लागली. फोन पर्समध्ये वाजत होता, पण हात मोकळा नव्हता.

मी विचारलं, "किती लांब चाललीस?"

"ऊन बुडेस्तोवर," ती म्हणाली.

* * *

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तीच काच घेऊन रस्त्यावर उन्हाकडं तोंड करून उभा राहिलो. माझ्या टपरीचं तोंड उत्तरेला. इतकी वर्षं मी सावलीत बसून तार बघत आलो. समोरून ऊन घेऊन एक बी काच बघितली नव्हती. रेखानं चार दिवस ओढणीनं कोरडीच पुसलेली काच, माल इतका मऊ की केसाएवढे ओरखडे सगळीकडं. सावलीत एकही दिसत नव्हता. उन्हात दुसरं काही दिसत नव्हतं.

रौफभाईंनी विचारलं, "चाचा, उस पेटी में की बाकी कहाँ हैं?"

पेटी रिकामी होती.

त्या काचांच्या कडेला निळसर झाक होती, ती मी लांबून ओळखायचो. मग मी पाळी सुटायच्या वेळेला रस्त्यावर उभा राहून हात करायला लागलो. दोघंजण थांबले. त्यातला एक म्हणाला, काय बाबा, विकलेला माल स्वतःहून परत घेताय, तब्येत बरी हाय ना? त्यांच्या काचा काढून दुसऱ्या बसवल्या. बाकीच्यांना मी हात केला, तर त्यांनी बी मला हात केला, कुणी "जयभीम बाबा" म्हणलं आणि पुढं निघून गेले. त्यांना वाटलं, म्हातारा रामराम करतोय.

पेटीतली पहिली काच नेलेला बिरू चहाला यायचा बंद झाला होता. त्याच्या गेटवर जाऊन चौकशी केली. म्हणाले, त्याला दुसऱ्या कंपनीच्या गेटवर टाकलंय, कुठल्या ते वॉचमन पुरवणाऱ्या ऑफिसला माहीत. ऑफिस कुठं, ते त्यांना बी माहीत नव्हतं.

* * *

ओरिजनल काच आठव्या दिवशी आली. आता मी तार बघायची ती बघतोच, पण संध्याकाळी उन्हासमोर बी धरतो. रेखाची काच तशी धरली. रस्ता दिसला, रस्त्याच्या टोकाचं ऊन दिसलं आणि उन्हातून येणारा टँकर त्याच्या नंबरप्लेटसकट दिसला. खटका वर केला की जिथल्या तिथं राहतो. रौफभाईंनी स्वतः स्क्रू आवळले. मला हात लावू दिला नाही.

तरी रेखा रोज उशिराच यायला लागली. एक दिवस झालं, दोन दिवस झालं, आठवडा झाला. शेवटी मी विचारलं, तर म्हणाली, ऊन रस्त्यावर आडवं पडलं की मी उतरते आणि स्कूटी कडेला, पार मातीत घेऊन थांबते. ऊन बुडालं की निघते.

मी म्हणलं, "अगं, आता काय भ्या हाय? काच तर कंपनीची बसवलीय. दिसत नाय का त्यातून?"

"लई चांगलं दिसतं," ती म्हणाली. हेल्मेट खुंटीला अडकवलं, ओढणी काढून बाजूला ठेवली आणि मग माझ्याकडं बघितलं.

"माझी काच कंपनीची हाय, मामा. मागून येणाऱ्याची तुमच्याकडची असली तर?"