सोलर पॅनलवरच्या कुरडया

तोंडावर मी नवऱ्याला अहो-जाहो करते. लिहिताना मात्र अरे-तुरेच करणार आहे. माझी गच्ची त्यानं मला न विचारता घेतली, तर एवढी सूट मीही घेते.

पडेगावला आमचं लहानसं घर आहे. खालचं सगळं त्याच्या सोयीनं चालतं, पण गच्ची माझी होती. उन्हाळा लागला की शेजारच्या दोघी वर यायच्या. पापड, शेवया, कुरडया, लाल मिरच्या. हात चालायचे आणि तोंडं त्याहून जास्त. नवऱ्याच्या सहली वेगळ्या. दर रविवारी मित्रांबरोबर म्हैसमाळ, नाहीतर गौताळा. "पुढच्या वेळी तुला नेतो," हे मी लग्नापासून ऐकत आले. माझी सहल म्हणजे एक जिना वर, वर्षातून महिनाभर.

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून आठ दिवस देवगाव रंगारीला माहेरी राहिले. परत आले, वर गेले, तर गच्चीच नाही. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत सोलरची पॅनल, कमरेएवढ्या स्टँडवर. टाकीकडे जायला आणि दोन रांगांमधून तेवढी वीतभर वाट.

"मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"तू होतीस कुठं घरी?" तो म्हणाला. "अन् वाळवणाचं काय एवढं? बाजारात मिळतंय की सगळं."

माझा राग उतू जात नाही, तळाला लागतो.

सोलरशी माझं वाकडं नाही. विजेचं बिल कमी आलं, हे मी कबूल करते. पण किती वीज तयार झाली ते त्याला फोनवर दिसायचं, आणि तो फोन काही हातातून सुटेना. जेवताना बघायचा, दूधवाल्याला थांबवून दाखवायचा, मित्रांना तर दाखवायचाच. माझ्या गच्चीवरचं ऊन तो गावभर मिरवत होता.

एप्रिलमध्ये एका बुधवारी मी गहू भिजत घातले. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर बाई रागाच्या भरात काहीतरी करून बसली असं लोक म्हणायचे. रोज पाणी बदलताना मी तोच विचार पुन्हा करायचे आणि रोज तो मला जास्तच आवडायचा.

"कसला आंबूस वास येतोय गं?" त्यानं विचारलं.

"कुरडयांचे गहू आहेत."

"अन् वाळवणार कुठं?" तो हसला. मीही हसले.

शनिवारी गहू वाटून चीक काढला. रविवारी पहाटे मित्रांची जीप आली आणि तो गौताळ्याला गेला. जीप कोपऱ्यावर वळताच मी शेजारणींना हाक मारली. चीक शिजवला, जुन्या साड्या पॅनलवर अंथरल्या, कडांना कपड्यांचे चिमटे लावले आणि तिघींनी सोऱ्या फिरवत एकेक रांग भरत नेली. खालची काच तापायला लागली होती. शिवाय कमरेत वाकायलाही नको. इतकी सोयीची जागा मला आधी का सुचली नाही, याचंच वाईट वाटलं.

दहाला फोन आला. "अगं, फोनवर शून्य दाखवतंय. लाइट गेली का?"

"नाही."

"ढग आलेत का?"

"नाही हो. ऊन तर लई हाय."

"मग वर जाऊन बघ बरं."

"हात चिकानं भरलेत माझे," मी म्हणाले. एक शब्दही खोटा नव्हता.

अकराला पुन्हा फोन. बाराला पुन्हा. पॅनल बसवणारा उद्या येतो म्हणाला होता, आणि ह्याला उद्यापर्यंत दम निघेना. दोनच्या सुमारास जीप दारात. सगळेच्या सगळे माघारी आले होते, डबेसुद्धा न उघडता. तो धाडधाड जिना चढला आणि चौघे मित्र त्याच्या मागं.

पॅनलवर साड्या, साड्यांवर कुरडया. एक मित्र फिसकन हसला.

"काढ ते आधी," नवरा म्हणाला.

"मोडतील. उद्या संध्याकाळपर्यंत राहू द्या."

त्यानं स्वतःच एक उचलायला घेतली. ओलीच होती, ती त्याच्या बोटांना चिकटली. हात तसाच लांब धरून तो सगळ्यांसमोर ओरडला, "अगं, टाकायच्या आधी मला विचारायचं तरी!"

दीड महिना मी वाट बघत होते. हे वाक्य तो आपणहून आणून देईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

"तुम्ही होता कुठं घरी?" मी म्हणाले.

त्याला आठवलं. चेहऱ्यावर दिसलंच ते. कानापर्यंत लाल झाला आणि बोटं पुसायला काही सापडेना म्हणून पँटलाच पुसली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

कुरडया दोन दिवस तिथंच वाळल्या. तेवढ्यात त्यानंच कबूल केलं की पॅनलची एक रांग काढून खाली गाडीच्या शेडवर बसवून देतो. त्याला आता वर्ष होत आलं. शेड तशीच मोकळी आहे. मी एकदाही आठवण करून दिलेली नाही. काल फक्त कुरडयांचे गहू आणले आणि डबा त्याला जेवताना समोर दिसेल असा ठेवला.