बससाठी मागितलेले पैसे

ऑर्डेला माझी थोरली बहीण. तिला नवरा होता, दोन मुलगे होते, चर्चच्या गायकांत पहिल्या रांगेत जागा होती. पण तिचा जीव होता शाळेच्या बसमध्ये. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, काळी बाई एवढी मोठी गाडी हाकते, हे बघून कितीतरी गोऱ्यांच्या पोटात दुखायचं. ती मात्र अंधार असतानाच इंजिन तापवायची. सीटखाली फणी, कोरडे मोजे आणि मक्याच्या पावाचा डबा. एखादं पोर धावत येताना दिसलं की थांबायची आणि ते चढल्यावर त्याला चांगलं झापायची.

मग शाळा मंडळानं गावाबाहेरचा नवा रस्ता तिच्या फेरीत घातला. तिथली मुलं गोरी. त्याच आठवड्यात किल्ली एका गोऱ्या ड्रायव्हरच्या हातात गेली आणि हिच्या हातात गॅरेजचा झाडू आला. कारण काय, तर म्हणे हिची नजर अधू झाली. नजर! रस्त्यावर कासव दिसलं तरी ब्रेक मारणारी बाई ती. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

तिनं मंडळावर खटला भरला. आमचा वकील ट्राइस, तरुण पण अंथरुणातून उठून आल्यासारखा. त्यानं एक दिवस आम्हाला समोर बसवलं.

"बस परत द्यायची की नाही, हे एकटा जज्ज ठरवतो," तो म्हणाला. "फक्त बस मागितलीत तर सगळा खटलाच त्याच्या हाती. नुकसानभरपाईही मागितलीत तर मात्र ज्युरी बसवता येते. सहा साधी माणसं. तुम्हाला काळी म्हणून काढलं, असं ती म्हणाली, की जज्जाला त्याच्या उलट म्हणता येत नाही."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर बसही गेली."

"हा जज्ज कसा आहे?"

ट्राइस चष्मा पुसत बसला. "आपल्यासारख्यांच्या बाजूनं त्यानं कधी निकाल दिलाय, असं मला तरी आठवत नाही."

"मग मागा पैसे," ऑर्डेला म्हणाली. "मला नकोत. पण त्याशिवाय ती सहा माणसं बसणार नसतील, तर मागा."

घरी येईपर्यंत मी तिला फैलावर घेतलं. "अगं, वेड लागलंय का तुला? सहा अनोळखी लोकांच्या हातात मान देतेस?"

"आणि एकाच्या हातात दिली तर बरं का, इमोजीन?"

मला नुसती भीती वाटत होती.

सहा जण बसले तेव्हा ती भीती दुप्पट झाली. पाच गोरे आणि आमचा एकच. ऑबरी पिकेट, लांबच्या गावचा, लाकडाच्या गिरणीत कामाला. रविवारचा सूट घालून आला होता आणि सारखा बुटांकडे बघत होता. हा काय तोंड उघडणार, असं माझ्या मनात आलं.

मंडळाचा वकील गोडबोल्या. ऑर्डेला साक्षीला उभी राहिली तसा तो हसून म्हणाला, "म्हणजे बाई, शेवटी प्रश्न पैशाचाच ना?"

"मला माझी बस हवीय."

"पण मागितलेत तर पैसे?"

"मला माझी बस हवीय, साहेब."

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं आणि तिनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं. जज्जाला टाळायला पैसे मागितले, हे ज्युरीसमोर बोलायचं नाही, असं ट्राइसनं बजावलं होतं. मागे कुणीतरी खुसखुसलं. मी मुठी आवळून बसले.

ज्युरी निकाल ठरवायला आत गेली ती त्या दिवशी बाहेर आलीच नाही. मी नेलेलं तळलेलं चिकन डब्यातच राहिलं. ऑर्डेला रुमालाची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. "एवढा वेळ लागतोय म्हणजे बरं की वाईट?" ती विचारायची. ट्राइस खांदे उडवायचा. मला त्याला हलवून जागं करावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल वाचला. काळी म्हणून काढलं का? हो. ऑर्डेलानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मी कळवळले. नुकसानभरपाई किती? एक डॉलर.

मंडळाची माणसं उघड हसली. माझा संताप अनावर झाला. पाच गोऱ्यांकडून वेगळी अपेक्षा नव्हती, पण पिकेट? आपल्या बाईची किंमत एक डॉलर? तो तेव्हाही बुटांकडेच बघत होता.

बसचा निकाल जज्जानं पुढच्या शुक्रवारावर ढकलला. 'हो' त्याला खोडता येणार नव्हतं, पण बस द्यायची की नाही हे अजून त्याच्याच मनावर होतं. गॅरेजमध्ये लोक तिला 'ए डॉलरवाली' म्हणायला लागले. ती निमूट झाडत राहिली. आठवडाभर तिच्या पोटात धड अन्न गेलं नाही आणि तिच्याकडे बघून माझ्याही.

शुक्रवारी जज्जानं कागदावरून मान वर न करता वाचलं. "मला विचाराल तर मी उलट निर्णय दिला असता. पण ज्युरीनं हो म्हटलंय आणि मी त्याला बांधलेला आहे. बाईंची फेरी बाईंना परत द्यावी."

मी डोळे पुसत वळले, तर शेवटच्या बाकावर पिकेट. मी तडक त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"एक डॉलर? लाज नाही वाटली?"

"वाटली ना," तो म्हणाला. "घरी बायको अजून बोलत नाही. पण ते पाचही जण अडून बसले होते. हो म्हटलं तर आपल्या कराचे पैसे जाणार, म्हणे. आणि सहाही जणांचं एकमत लागतं. शेवटी मी म्हटलं, मग नावाला एक डॉलर द्या. हो तेवढं लिहा."

ऑर्डेला मागे येऊन उभी होती. "मला पैसे नको होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," पिकेट म्हणाला. "त्या वकिलानं तीनदा पैशाचं विचारलं आणि तुम्ही तिन्ही वेळा बसचं सांगितलंत."