पोटात घडलेलं

लिंबाजी हटकर मेंढीच्या पोटाखाली हात घालून ती किती दिवसांची गाभण आहे ते सांगायचा. चार-पाच दिवस इकडं-तिकडं, जास्त चूक नाही. परभणीबाहेरच्या सरकारी मेंढीकेंद्रावर त्याला राखणदाराची जागा मिळाली ती या हातामुळंच. नाहीतर चाळिशी उलटलेल्या, सही म्हणून अंगठा उठवणाऱ्या माणसाला कोण विचारतो? केंद्राच्या मागं पत्र्याची एक खोली होती. तिथं तो एकटा राहायचा. एक घोंगडं, एक पितळी, एक तांब्या, झाला संसार. कुणी विचारलं तर सांगायचा, "साठ मेंढ्या व्हत्या. रझाकारीत गेल्या." बायकोचं विचारलं तर, "माहेरी हाय." त्यापुढं कुणी विचारत नसे. त्याचं तोंडच तसं व्हायचं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी केंद्रावर दिनकरराव नावाचे डॉक्टर आले. वयानं लहान, मनाचे चांगले, पण कामाच्या पुढं त्यांना दुसरं दिसत नसे. आल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांनी वीस मेंढ्या वेगळ्या काढल्या आणि लिंबाजीला बोलावून घेतलं.

"मेंढी कोणत्या दिवशी लागली ते मला पक्कं कळायला पाहिजे. कसं कळेल?"

"त्यात काय, साहेब," लिंबाजी म्हणाला. "एडक्याच्या छातीला गेरू चोपडायचा. सकाळी जिच्या पाठीवर लाल, ती लागली."

डॉक्टर खूश झाले. आषाढभर लिंबाजी रोज सकाळी लाल पाठी बघायचा आणि डॉक्टर वहीत लिहायचे. मेंढीला महिना भरला, की दहांना आठवड्यातून दोनदा तेलात कालवलेल्या औषधाचं इंजेक्शन आणि उरलेल्या दहांना नुसत्याच तेलाचं. धरायला लिंबाजी. एकदा त्यानं विचारलंच, "साहेब, ह्या तेलात काय हाय?"

"एडक्याच्या अंगातला रस. हार्मोन म्हणतात त्याला."

"मेंढीला एडक्याचा रस? आन् तो कशापायी?"

डॉक्टर गव्हाणीच्या कडेला बसले. "एडका होणारं कोकरू आईच्या पोटात असतानाच स्वतःचा रस तयार करतं, लिंबाजी. त्या रसानं त्याचं अंग घडतं आणि त्याचं डोकंही. मोठा झाल्यावर मेंढीमागं लागायचं की नाही, हेसुद्धा बरंचसं तिथंच ठरतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. आता बाहेरून जादा रस गेला तर काय होतं, ते मला बघायचंय."

लिंबाजीला निम्मंच कळलं. पण तिसरा महिना हा शब्द कानात राहिला.

मार्गशीर्षात मेंढ्या व्यायला लागल्या. रसवाल्यांतली पहिली मेंढी अडली होती, लिंबाजीनं कोकराचे पुढचे पाय धरून अलगद ओढून घेतलं. नाकातोंडातला चिकटा पुसला, उलटं धरून फुंकर मारली, आणि नर की मादी सांगायला मागचे पाय फाकवले. तिथंच त्याचा हात थांबला. वरून बघावं तर एडका. पण अंडाची पिशवी रिकामी, नुसतं कातडं. बोटानं दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं.

"साहेब, हे... हे धड न्हाई."

डॉक्टर धावत आले, खाली वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला. "बरोबर! हेच! आतून मेंढी आहे ही, लिंबाजी. जन्मणार होती मेंढी म्हणून. रसानं वरून एडका केली." ते वही आणायला पळाले.

लिंबाजी कोकरू हातात घेऊन कडब्यावर खाली बसला. असलं अंग त्यानं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि ते कोकराचं नव्हतं.

अठ्ठेचाळीसचा श्रावण. जिंतूरच्या वरच्या डोंगरात त्याचं गाव. रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या, तेव्हा लिंबाजी कळप आणि बायको घेऊन वऱ्हाडाकडं, वाशीमच्या अंगाला निघाला. केशरबाईला तिसरा महिना होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि हे पहिलंच राहिलेलं पोट. आठ दिवस पाऊस थांबला नाही. मेंढ्यांची खुरं कुजली, वाटेत निम्म्या बसल्या त्या उठल्या नाहीत. उरल्या त्या एका नाक्यावर बंदुकवाल्यांनी हाकून नेल्या. एका माळावर केशरबाईच्या पोटात कळा यायला लागल्या. खाली सगळा चिखल. जवळ म्हसोबाचा ओटा होता, तेवढाच कोरडा. लिंबाजीनंच तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं. ती नको म्हणत होती. "बस गं," तो म्हणाला, "देवाला दिसतंय समदं."

पोलीस ॲक्शन झाली, माणसं परतली, तीही परतली. माघात बाळंतपण झालं. सुईण बायनाबाई बाहेर आली ती पदर तोंडाला लावूनच. "लिंबाजी, पोरगा म्हणता येईना, पोरगी म्हणता येईना."

दोन दिवसांत गावभर झालं. भावकीतली माणसं दारात येऊन बसली. बाईनं काय केलं, कुठं पाय ठेवला, कशाला शिवली, चौकशी सुरू झाली. मागून त्याच वाटेनं आलेल्या कुणाकडून तरी ओट्याची गोष्ट कळली होती. "म्हसोबावर बसली व्हती म्हणं." सगळ्यांनी लिंबाजीकडं पाहिलं. मीच बसवली, एवढे दोन शब्द त्याला बोलता आले असते. तो जमिनीकडं बघत राहिला. बोलला नाही तर ठपका तिच्यावर येणार, हे त्याला त्या घडीला पुरतं ठाऊक होतं.

केशरबाईला दूध उतरलं नाही. लेकरू सुरुवातीला रडायचं, मग कण्हायचं, चार थेंब पोटात गेले की ओकायचं. लिंबाजीनं जन्मभरात आई मेलेली किती कोकरं जगवली होती, त्याची गणती नव्हती. कापसाची वात शेळीच्या दुधात भिजवून ओठाला लावायची, दिवसातून वीसदा, बोटानं गळा चोळायचा. असं केलं की मरायला टेकलेलं कोकरूही चोखायला लागतं. शेजारी शेळी होती. केशरबाई म्हणाली, "तुमाला येतं ते करा की. कोकराला करता, लेकराला करा." तो उठून बाहेर गेला. अकरा दिवस तो बाहेरच राहिला, कधी ओढ्याला, कधी मारुतीच्या पारावर. अकराव्या दिवशी केशरबाई आणि बायनाबाई दोघीच जाऊन लेकरू पुरून आल्या. तो गेला नाही. पंधरवड्यानं तिचा भाऊ सूर्यभान येऊन केशरबाईला पोखर्णीला घेऊन गेला. लिंबाजीनं अडवलं नाही, आणायलाही गेला नाही.

हे सगळं त्यानं कडब्यावर बसून आठवलं, आणि कुणालाच सांगितलं नाही. कोकरू मात्र त्यानं पुसून आईच्या तोंडाशी ठेवलं. आईनं ते चाटलं. मेंढीला त्याचं काही वाटलं नाही.

रसवाल्या मेंढ्यांना अशी पाच कोकरं झाली, आणि चार खरे एडकेही झाले. वरून त्यांच्यात खोट नव्हती. दीड वर्षात ते असे भरले, की येणारा-जाणारा त्यांच्या पाठीवर थाप मारायचा. त्यातल्या काळ्या तोंडाच्या एकाला सगळे पैलवान म्हणायचे. एकोणसाठच्या श्रावणात डॉक्टरांनी त्यांची परीक्षा लावली. माजावरची मेंढी आवारात सोडायची, एक एडका आत घालायचा, आणि घड्याळ लावून बघायचं. नुसत्या तेलाच्या मेंढ्यांचे एडके आत पाऊल पडताच ओठ वर करून वास घ्यायचे, मेंढीच्या मागं लागायचे, चढायचे. पैलवान आत गेला. मेंढीनं शेपूट हलवलं, त्याच्या अंगाला अंग घासलं. त्यानं एकदा हुंगलं, आवाराला एक चक्कर मारली आणि भिंतीच्या सावलीत बसून रवंथ करायला लागला. उरलेल्या तिघांत एकानं अर्धवट उडी मारली, बाकीच्यांनी तेवढंही नाही. डॉक्टरांनी दोरीनं पिशव्या मोजल्या. त्याही इतरांपेक्षा लहान भरल्या.

"कळपात असता तर म्या ह्याला काठीनं बडवला आसता," लिंबाजी म्हणाला. "एकाला बडवलाच व्हता. मस्तीला आला, कामचोर हाय म्हणून. मग खाटकाला दिला."

"मारून काय होणार? त्याच्या हातात आहे का ते? पोटात असताना घडायचं ते वेगळं घडलं. आता कितीही खुराक घाल, कितीही मेंढ्या दाखव."

लिंबाजीनं जाऊन पैलवानाच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यानं विचारलं, "साहेब, माणसात व्हतं का आसं? म्हंजी त्या पयल्या कोकरावानी?"

"होतं. क्वचित होतं. तिथं कुणी इंजेक्शन देत नाही. लेकराच्या स्वतःच्या शरीरातच रस वाजवीपेक्षा जास्त तयार होतो."

"आईनं काई केल्यानं? उपाशी पळाल्यानं, कुठं बसल्यानं?"

"छे. आईचा काय संबंध?" डॉक्टर वहीत आकडे उतरवत होते, मान वर न करताच पुढं बोलले. "त्यातली बरीच लेकरं दोन आठवड्यांत जातात. ओकतात, सुकतात. अंगातलं मीठच टिकत नाही. कितीही दूध पाजा, उपयोग नाही. आता मोठ्या शहरात औषध निघालंय म्हणतात. का रे? गावात कुणाचं आहे?"

"न्हाई. उगंच इचारलं."

भादव्यात त्यानं सुट्टी घेतली आणि पोखर्णीला गेला. नरसिंहाच्या देवळावरून पुढं सूर्यभानचं शिवार. केशरबाई कपाशीत खुरपत होती. दहा वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. तिनं त्याला बांधावरून येताना पाहिलं, पदर सारखा केला आणि खुरपणं थांबवलं नाही.

"कामून आलात?"

तो तिच्या शेजारच्या ओळीत उकिडवा बसला. मेंढ्यांचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, रिकाम्या पिशवीचं सांगितलं. त्याला हे सगळं नीट जुळवून सांगता येत नव्हतं, तरी सांगितलं. "तुजा काई दोष नव्हता, केशर. म्हसोबाचाबी न्हाई. पोटातच झालं व्हतं ते. आन् डाक्टर म्हणला, लाख दूध पाजलं आसतं तरी वाचलं नसतं."

ती गवत उपटून मुळांची माती झाडत राहिली. मग म्हणाली, "माजा दोष न्हाई हे मला तव्हाच ठावं व्हतं. ओट्यावर मला कुणी बसिवलं, तेबी ठावं हाय. त्यासाठी दहा वर्सं मेंढ्यांच्या पोटात हात घालाया नको व्हता."

"केशर..."

"वाचलं नसतं म्हणता. आसंल. मोठी माणसं सांगायलेत तर आसंल. पर उपाशी तर गेलं नसतं. बापानं हातात घेतलं न्हाई, आसं तर गेलं नसतं."

लिंबाजीनं तिनं उपटलेलं गवत गोळा करून बाजूला ठेवलं. मग विचारलं, "पुरलं कुठं त्याला?"

केशरबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "ते माज्यापाशी राहू द्या."

मग तिनं खुरपं उचललं आणि पुढच्या ओळीला गेली. जाताजाता एवढंच म्हणाली, "सूर्यभान घरी हाय. भाकर खाऊन जावा." तो जेवायला थांबला नाही.

कार्तिकात डॉक्टरांनी चारही एडके आणि ती पाच विचित्र कोकरं कापायला काढली. आतले अवयव तपासल्याशिवाय काम पुरं होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तू नसलास तरी चालेल, दुसरा माणूस बोलावतो. लिंबाजी म्हणाला, दुसरा धरील तर आवळून धरील. एकेक जनावर त्यानंच आणलं, डोळ्यांवर हात ठेवून धरलं. पैलवानाला सगळ्यांत शेवटी. संध्याकाळी त्यानं आवार धुतलं, रक्त वाहून गेल्यावरही पाणी ओतत राहिला.

महाराष्ट्र झाला, त्या उन्हाळ्यात डॉक्टरांची बदली झाली. वह्या पेटीत भरून गेल्या. केंद्रावर पुन्हा साधे एडके आले, तालुक्यातल्या कळपांना वाटायला. लिंबाजी राखणदार राहिला. पोखर्णीला तो आणखी दोनदा गेला. पहिल्यांदा केशरबाईनं पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला आणि आत गेली. दुसऱ्यांदा घराला कडी होती. माणसं उसाच्या तोडीला खाली साखर कारखान्याकडं गेली होती. तीही त्यांच्याबरोबर गेली, असं शेजारणीनं सांगितलं. तो जरा वेळ दारात बसला, उन्हं कलायच्या आत परभणीच्या वाटेला लागला.